वहिनी, डोकं फुटतंय हो

सुरुवातीलाच सांगून टाकते... भूत, करणी, अंगात येणं यांवर मी कधीच विश्वास ठेवला नाही, आणि आज हे लिहितानाही ठेवत नाही. मी नर्स. सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या फर्स्ट-एड रूममध्ये माझी सगळी नोकरी गेली. कापलेली बोटं, डोळ्यांत उडालेला लोखंडाचा कीस, ॲसिडनं भाजलेले हात - हे माझं रोजचं काम. नवं मशीन आलं की कामगार त्याला लिंबू-मिरची बांधायचे. मी म्हणायची, "लिंबू राहू द्या तिथंच, पण आधी गॉगल घाला." एकदा पॅकिंगमधल्या एका बाईच्या अंगात आलं म्हणून अख्खं डिपार्टमेंट हात जोडून उभं होतं. मी नाडी पाहिली. बाई सकाळपासून उपाशी होती. ग्लुकोजचं पाणी पाजलं, देवी गेली!

तर अशी मी. आणि तरीही जे घडलं ते घडलं. त्यातला प्रत्येक शब्द मी शपथेवर सांगायला तयार आहे.

अठ्ठ्याण्णव सालचा हिवाळा. आमच्या कंपनीला शनिवारी सुट्टी असायची, आणि महिन्यातला एक तरी शनिवार मी मखमलाबादला धाकट्या दिरांच्या मळ्यात घालवायची. दत्ताभावजी आणि माझी जाऊ मंगल. तीन-साडेतीन एकर भाजीपाला - मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर - आणि कडेनं थोडी शेवंती. घर रस्त्याच्या बाजूला, विहीर मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. घरापासून विहीर सहज दीडशे-दोनशे पावलं. मधे उसाचा एक पट्टा, त्यामुळे घरातून विहिरीकडचं काही दिसायचं नाही.

भावजींबद्दल थोडं सांगावं लागेल. एके काळी नाशिकच्या भाजीबाजारात त्यांचा आवाज प्रसिद्ध होता. जरासा घोगरा, पण असा खणखणीत की कोथिंबिरीचा भाव त्यांनी एका टोकाला पुकारला की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक मान वळवायचं. घरात मात्र तेच हळू बोलायचे. मला 'वहिनी' म्हणताना शेवटचा 'नी' जरा लांबवायचे. पण तोंडात सतत तंबाखू. त्या हिवाळ्याच्या तीन वर्षं आधी घशात गाठ निघाली, कॅन्सरची. मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र संपूर्ण काढावं लागलं.

ज्यांनी असा पेशंट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. स्वरयंत्र काढलं की श्वासनळीचं तोंड गळ्यावर आणून शिवतात. माणूस नाकातोंडानं नाही, तर गळ्यावरच्या त्या भोकातून श्वास घेतो. घशातून आवाज म्हणून निघत नाही. कुजबुज नाही, कण्हणं नाही, ओरडणं तर सोडूनच द्या. भावजी नुसते ओठ हलवून बोलायचे, नाहीतर खिशातल्या छोट्या वहीत लिहायचे. लांबच्या माणसाला बोलवायचं तर टाळी. गळ्यावर मंगलनं जुन्या धोतराचा शिवलेला मऊ फडका बांधलेला असायचा. बाजारात जायचं त्यांनी सोडून दिलं होतं. भाजी पुकारणारा माणूस मुक्यानं कसा विकणार, म्हणायचे... म्हणजे लिहायचे.

त्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी आणि मंगल ओट्यावर मटार सोलत बसलो होतो. भावजी विहिरीकडे मेथीला पाणी भरत होते. मोटर चालू होती, तिची घरघर ओट्यापर्यंत येत होती. मंगल तिच्या माहेरच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती आणि मी हूं-हूं करत होते.

आणि मागून हाक आली.

"वहिनी... डोकं फुटतंय हो."

अगदी दारात उभं राहून म्हणावं तशी. घोगरा आवाज, लांबवलेला 'नी'. घाबरलेला नव्हता. फार दुखत असताना माणूस दात आवळून बोलतो ना, तसा. मी मागे न बघताच ओरडले, "आले भावजी, आले!" आणि मांडीवरचं सूप खाली ठेवून उठलेसुद्धा.

मंगल माझ्याकडे बघतच राहिली. "कुणाला ओ दिली ताई?"

"अगं, भावजी हाका मारतायत."

"ताई!" ती एवढंच म्हणाली. तिचा चेहरा पाहिला तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले. मी वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

इथं कुणीही शहाण्या माणसानं 'भास झाला' म्हणून परत मटार घेतले असते. मी का नाही घेतले, ते मला सांगता येणार नाही. मी पळत सुटले. अनवाणी, उसाच्या कडेनं, विहिरीकडे.

भावजी पाटाच्या कडेला पालथे पडले होते. अर्धा चेहरा चिखलात, पाणी अंगाखालून वाहत होतं. मी त्यांना उताणं केलं. छाती हलत नव्हती. गळ्याच्या कडेला बोटं दाबली - नाडी नाही. जांघेत पाहिली - नाही. चेहरा निळसर पडत चाललेला. कंपनीत आम्ही दर वर्षी कामगारांना रबरी पुतळ्यावर हे शिकवायचो. पण पुतळा आपला दीर नसतो.

फडका ओढून काढला. भोकात चिखल गेला होता. पदराच्या टोकानं तो पुसला आणि छाती दाबायला लागले. मोठ्यानं मोजत होते. मधे थांबून गळ्यावरच्या त्या भोकावर तोंड लावायची आणि फुंकर आत सोडायची. पुन्हा छाती. मंगल मागोमाग आली होती, ती किंचाळत होती. तिचा आवाज ऐकून शेजारच्या मळ्यातले पांडूतात्या धावत आले.

"अहो बाई, तोंडातून द्या ना वारा! गळ्याला काय तोंड लावता?" तात्या ओरडले.

"तात्या, यांचा श्वास तोंडातून जातच नाही. तुम्ही गाडी आणा. पळा!"

तात्यांची भाजीची पिकअप होती. ती येईपर्यंत किती वेळ गेला, माहीत नाही. पाच मिनिटं असतील, दहाही असतील. माझे दंड भरून आले होते. मंगलला म्हटलं, "रडणं नंतर. मी सांगते तसं दाब." तिनं डोळे मिटून दाबायला सुरुवात केली, आणि फार चांगलं दाबलं. मग एकदम भोकातून खर्रकन आवाज आला आणि फेसाळ पाणी माझ्या गालावर उडालं. मी बोटं गळ्याशी नेली. नाडी होती. बारीक, चुकत-चुकत... पण होती.

पिकअपमध्ये रिकाम्या क्रेटवर गोणपाटं टाकून त्यांना झोपवलं. श्वास मधेच थांबायचा, मग मी पुन्हा भोकातून फुंकायची. पंचवटीतून गर्दीतून हॉर्न वाजवत तात्यांनी गाडी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. अर्ध्या तासाच्या आत आम्ही दवाखान्यात होतो. कुठल्या, ते सांगत नाही. त्यांची काही चूक नव्हती.

आता मुख्य गोष्ट.

तिथले डॉक्टर तरुण होते, हुशार होते. पाच मिनिटांत गळ्यातून नळी टाकली, मशीन लावलं, ईसीजी काढला. पट्टी हातात घेऊन बाहेर आले. "मोठा हार्ट ॲटॅक आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला हवं, आत्ताच. जितका उशीर तितका हार्ट मरणार. घरच्यांची सही लागेल."

पट्टी मी पाहिली. मला ईसीजी फार कळतो असं नाही, पण हार्ट ॲटॅकचा कळतो. तो तसाच होता. डॉक्टर अजिबात चुकीचं बोलत नव्हते. पन्नाशीचा माणूस, तंबाखू खाणारा, काम करता करता कोसळला, हृदय बंद पडलं, पट्टी अशी... दहातल्या नऊ डॉक्टरांनी तेच केलं असतं.

मंगलच्या हातात पेन होतं. "ताई, करू सही?"

आणि मला ती हाक आठवली. छाती नाही. डोकं. 'डोकं फुटतंय हो.'

ते इंजेक्शन रक्त पातळ करतं, गुठळ्या विरघळवतं. हृदयात गुठळी असेल तर तेच अमृत. पण मेंदूतली रक्तवाहिनी फुटून आत रक्त सांडत असेल तर तेच इंजेक्शन माणसाला संपवतं, त्यावर उपाय नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं. मेंदूत रक्तस्राव झाला तर श्वास आणि हृदय बंद पडू शकतं, हेही कधीतरी एका लेक्चरमध्ये ऐकलं होतं. पण पाहिलं कधीच नव्हतं.

"थांब," मी मंगलला म्हटलं. "डॉक्टर, इंजेक्शनच्या आधी डोक्याचा स्कॅन करा. पडायच्या आधी यांचं डोकं भयंकर दुखत होतं. फुटतंय म्हणाले."

"कुणाला म्हणाले?"

"मला."

डॉक्टरांनी काचेतून आत पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही त्यांनी, पण तो थंड झाला. "सिस्टर, तुम्ही स्वतः नर्स आहात म्हणता. या पेशंटला स्वरयंत्र नाही. हा तुम्हाला 'म्हणाला' कसा?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी केसपेपरवर एक शब्द खोटा लिहिला नव्हता की सांगितला नव्हता. त्या क्षणी माझ्यापुढं दोनच रस्ते होते. खरं सांगितलं असतं तर मला बाजूला बसवलं असतं, बाई घाबरलीय म्हणून, आणि ते बरोबरच झालं असतं.

मी खोटं बोलले. "ओठ हलवून. दोन्ही हातांनी मागून डोकं धरलं, आणि ओठांनी म्हणाले, डोकं फुटतंय. मी समोर होते."

मंगल माझ्या शेजारी उभी होती. भावजी पडले तेव्हा मी कुठं होते ते जगात तिच्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पेन टेबलावर ठेवलं.

"ताई म्हणतात तसं करा," ती म्हणाली.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "स्कॅनचं मशीन आमच्याकडे नाही. दुसरीकडे न्यावं लागेल, जाऊन-येऊन तास जाईल. हार्ट ॲटॅक असला तर त्या तासाची जबाबदारी तुमची."

"माझी," मी म्हटलं.

त्यांनी माझं म्हणणं केसपेपरवर लिहून घेतलं. कोसळण्याआधी अचानक तीव्र डोकेदुखी, नातेवाइकांच्या सांगण्यानुसार. त्याखाली मी सही केली.

तो तास मी कसा काढला, ते लिहून सांगता येणार नाही. ॲम्ब्युलन्समध्ये भावजींच्या छातीवर हात ठेवून बसले होते. बाकी आयुष्यात मला माझ्या कामाबद्दल कधी शंका आली नाही, त्या तासात आली. एका भासाच्या भरवशावर मी मंगलचं कुंकू पणाला लावलं होतं. समोर मंगल बसली होती. ती भावजींच्या पायांवरचा चिखल पदरानं पुसत होती.

स्कॅन झाला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली. त्यांनी बोलायची गरज नव्हती. मेंदूच्या तळाशी, जिथं काळं दिसायला हवं, तिथं सगळीकडे पांढरं पसरलं होतं. रक्त.

परत आलो तेव्हा आमच्या डॉक्टरांनी ती फिल्म फार वेळ पाहिली. मग खुर्चीत बसले. "हार्टला काही झालेलंच नाही," ते म्हणाले. "मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. त्या धक्क्यानं श्वास थांबला, मग हृदय. ईसीजी पण त्यामुळंच तसा दिसला. मी इंजेक्शन दिलं असतं तर..." त्यांनी फिल्म परत पाकिटात घातली.

रक्तवाहिनीवर एक छोटा फुगा आला होता, तो फुटला होता. मुंबईला नेऊन त्याला चिमटा लावला. अशा आजारात हृदय बंद पडलेला माणूस बहुधा दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, पोचला तर शुद्धीवर येत नाही, असं तिथल्या सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं. भावजी अठराव्या दिवशी शुद्धीवर आले. डावा पाय ओढत चालायचे, माणसांची नावं विसरायचे, पण मंगलला कधी विसरले नाहीत. दोन वर्षांनी पुन्हा मेथीला पाणी भरायला लागले. नऊ वर्षं जगले त्यानंतर.

मी त्यांना विचारलं होतं, अर्थातच. "भावजी, त्या दिवशी डोकं दुखलं होतं का? मला हाक मारली होती का?" त्यांनी वहीत लिहिलं : 'आदल्या दिवशी संध्याकाळपासून काहीच आठवत नाही.' मग गळ्याकडे बोट दाखवून हसले आणि खाली लिहिलं : 'हाक कशानं मारू?'

गावात तर्क झालेच. पांडूतात्या म्हणाले, "वणीच्या आईनं हाक दिली. दुसरं काय!" मी म्हटलं, "तात्या, देवी असती तर स्वतःच्या आवाजात बोलली असती. भावजींचा आवाज कशाला उसना घेईल?" तात्यांना काही ते पटलं नाही.

त्या तरुण डॉक्टरांना मी फेरतपासणीच्या वेळी खरं सांगून टाकलं. ते खोटं माझ्या नावावर राहिलेलं मला सहन होत नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही अनुभवी आहात. तुम्ही त्यांना पाहिलंत, मान ताठ असेल, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या असतील. तुमच्या मनानं निदान केलं आणि ते त्यांच्या आवाजात तुम्हाला ऐकवलं. असं होतं."

"चालेल," मी म्हटलं. "फक्त एक सांगा. हाक ऐकली तेव्हा मी ओट्यावर बसले होते. त्यांना पाहिलंच नव्हतं. त्या हाकेसाठीच तर मी विहिरीकडे गेले."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि केसपेपर आहे तसाच राहू द्या."

पण माझ्या मनात घर करून राहिलं आहे ते वेगळंच. मुंबईला भावजींच्या डोक्याचं ऑपरेशन चालू होतं. मी आणि मंगल बाहेरच्या बाकावर. सकाळपासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं. एकाएकी तिनं विचारलं, "ताई, आवाज कसा होता?"

"कसा म्हणजे?"

"बाजारातला, का घरातला?"

मी म्हटलं, "घरातला."

ती रडायला लागली. मळ्यातल्या त्या सकाळनंतर पहिल्यांदाच. "तीन वर्षं झाली हो. माझ्या तर स्वप्नातसुद्धा मुकेच येतात. कसे बोलायचे ते मला आठवंना झालंय. मी पण तिथंच बसले होते की ताई, तुमच्या मांडीला मांडी लावून. मग मला का नाही आली हाक?"

मला वाटलं, काहीतरी समजुतीचं बोलावं. पण मला ते जमत नाही, कधीच जमलं नाही. जे खरं वाटलं ते बोलले. "तुला छाती दाबता येत नव्हती मंगल. बुडणारा माणूस ज्याला पोहता येतं त्यालाच हाक मारतो. त्याचा जीव कुणावर आहे, ते त्या वेळी बघत नाही."

ती रडता-रडताच हसली. मग म्हणाली, "तसंच्या तसं म्हणून दाखवा ना, एकदा."

मी दवाखान्याच्या त्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, जमेल तितका आवाज घोगरा करून, 'नी' लांबवून म्हटलं, "वहिनी... डोकं फुटतंय हो." मंगलनं डोळे मिटून ऐकलं.

"हां," ती म्हणाली. "असंच बोलायचे."

भावजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी निवृत्त झाले, माझ्याच छातीत आता अँजिओप्लास्टीच्या दोन स्प्रिंगा आहेत. भुताखेतांबद्दलचं माझं मत जराही बदललेलं नाही. कुणाच्या अंगात आलं तर मी आजही आधी विचारीन, सकाळपासून काही खाल्लंय का. पण आवाज नसलेल्या माणसाचा आवाज मी ऐकला, तो दोनशे पावलांवर चिखलात पडला होता आणि त्यानं सांगितलं ते खरं निघालं... हे मी नाकारू शकत नाही, कारण मी तिथं होते. स्पष्टीकरण मागू नका. माझ्याजवळ ते तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही.